गाणी भरून मिळतील

अगं, परवा रात्री तू फोनवर बोलत होतीस आणि मी नुसतं हं हं करत होते, त्याचा राग मानू नकोस. नोकरी सोडायची, मराठी गाण्यांचं ऑनलाइन दुकान काढायचं, लाखभर गाणी ठेवायची आणि एकेक गाणं पाच रुपयांना विकायचं, म्हणजे कुणाला चोरून घ्यायची गरजच उरणार नाही, असं तू एका दमात सांगितलंस. तुझ्या आवाजात इतका आनंद होता की मला मध्ये बोलवेना. पण नंतर रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. कऱ्हाडच्या एसटी स्टँडसमोरच्या दहा बाय बाराच्या गाळ्यात तुझ्या भाऊजींबरोबर मी तेवीस वर्षं कॅसेट आणि सीडी विकल्या आहेत. गिऱ्हाईक कसं येतं, कसं जोडलं जातं आणि एक दिवस कसं यायचं थांबतं, हे सगळं पाहिलंय. म्हणून आज निवांत बोलते. चहा घेऊन बस.

आधी एक कबुली देते, जी तुला कधी दिली नाही. आमच्या दुकानावर एक पाटी होती, ‘आवडीची गाणी कॅसेटमध्ये भरून मिळतील’. सुट्टीत यायचीस तेव्हा तू ती पाहिली असशील. गिऱ्हाईक वहीच्या पानावर यादी लिहून आणायचं, साठ किंवा नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट घ्यायचं आणि आम्ही डेकवर ती भरून द्यायचो. गावोगावी हे चालायचं, त्यात कुणाला वावगं वाटत नसे. मलाही वाटत नव्हतं.

मग एक भजनी बुवा आले. आमच्याच तालुक्यातले. तुकोबांचे अभंग स्वतःच्या चालींत गायचे. पदरचे पैसे घालून त्यांनी पुण्यात कॅसेट काढली होती आणि पन्नास कॅसेट आमच्याकडे ठेवल्या, विकल्या गेल्या की पैसे द्या म्हणाले. आमच्याकडून नऊ विकल्या गेल्या. पण त्यातले दोन अभंग लोकांना फार आवडले, आणि यादीत ते दोन अभंग लिहून आणणारी माणसं पुष्कळ होती. आम्ही भरून देत गेलो. चैत्रात एका गावच्या यात्रेत बुवांनी लाउडस्पीकरवर स्वतःचा आवाज ऐकला. कॅसेट कुठली म्हणून विचारलं, तर आमच्या दुकानाचं नाव निघालं. दुसऱ्या दिवशी ते आले. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले, “माझ्या गाण्याचे पैसे तुम्ही घेतलेत ना वहिनी, मग मला का नाही दिलेत?” मग उरलेल्या कॅसेट मोजून पिशवीत भरल्या आणि गेले. पाटी आम्ही त्याच आठवड्यात उतरवली. बुवा मात्र पुन्हा दुकानाची पायरी चढले नाहीत.

त्यांच्या त्या एका वाक्यावर मी आयुष्यभर विचार केलाय, आणि तुझ्या धंद्याचं सगळं मर्म त्यातच आहे असं मला वाटतं. नीट बघ. लोक पैसे देत होते. भरून घ्यायचे पैसे देताना कुणी घासाघीस केल्याचं मला आठवत नाही. फक्त ते पैसे बुवांपर्यंत पोचत नव्हते.

पुढे २००८-०९च्या सुमाराला शेजारच्या गाळ्यात मोबाइलचं दुकान आलं. ते चालवणाऱ्या पोरानेही पाटी लावली, ‘मेमरी कार्डमध्ये गाणी भरून मिळतील’. माझ्या पोटात खड्डा पडला, कारण ती पाटी माझी होती. तो पोरगा गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवायचा, भावगीतं हवीत, लोकगीतं हवीत, की आईसाठी हरिपाठ हवा, असं विचारायचा आणि दहा मिनिटांत दोनतीनशे गाणी टाकून द्यायचा. वीस-तीस रुपये घ्यायचा. माझ्याकडे त्याहून स्वस्त एमपीथ्री सीडी होत्या, तरी लोक त्याच्याकडेच जायचे. ज्याच्या घरी कॉम्प्युटर नाही त्याने सीडीतलं गाणं मोबाइलमध्ये घालायचं कसं? त्या पोराने ती अडचण सोडवली होती. मी सोडवली नव्हती. २०११मध्ये आम्ही शटर ओढलं.

म्हणून तुझी पाच रुपयांची कल्पना ऐकून मला धडकी भरली. चोरीचं गाणं स्वस्त असतं म्हणून चालतं, ही समजूत आधी डोक्यातून काढ. ते हाताशी असतं, सोपं असतं, आणि कुणीतरी ते निवडून दिलेलं असतं, म्हणून चालतं. फुकटाच्या खाली किंमत नेता येत नाही. तू पाच केलंस, उद्या तीन करशील, आणि तरी तिकडे शून्यच असेल.

तुला वाटेल, ताईचा काळ कॅसेटचा, तिला आजचं काय कळतंय. बरं, मग माझं सोड, फ्लिपकार्टचं घे. २०१२च्या फेब्रुवारीत त्यांनी ‘फ्लाइट’ नावाचं गाण्यांचं दुकान काढलं होतं. मला ते पक्कं आठवतं, कारण आमचं दुकान नुकतंच बंद झालं होतं आणि तुझे भाऊजी रोज पेपरात त्याबद्दल काही आलंय का ते शोधायचे. गाणी ६ रुपयांपासून १५ रुपयांपर्यंत. कुलूप न लावलेली एमपीथ्री, एकदा घेतली की कुठल्याही मोबाइलवर वाजवा. मोठ्या कंपन्यांशी रीतसर करार. मागे फ्लिपकार्टचा पैसा आणि फ्लिपकार्टचं गिऱ्हाईक. याहून चांगली सुरुवात कुणाला मिळणार? शिवाय त्याच वर्षी संगीत कंपन्यांच्या संघटनेने कोलकाता उच्च न्यायालयातून आदेश मिळवून चोरीच्या गाण्यांच्या १०४ साइट बंद करायला लावल्या होत्या. म्हणजे कायदाही बाजूने होता. तरी २०१३च्या जूनमध्ये, सोळा महिन्यांत, ते दुकान बंद झालं. बंद करताना त्यांनी दोन कारणं सांगितली. एक चोरी, आणि दुसरं म्हणजे बारीकसारीक रक्कम सहज देण्याची सोय नसणं.

हे दुसरं कारण फार कमी लोकांनी मनावर घेतलं. तेव्हा नऊ रुपयांचं गाणं घ्यायचं तर कार्डाचा सोळा आकडी नंबर टाका, मग बँकेचा पासवर्ड टाका, कारण रिझर्व्ह बँकेने २००९पासून ऑनलाइन कार्डाला ती जादा खातरजमा सक्तीची केली होती. लोकांच्या पैशाच्या सुरक्षिततेसाठी ते योग्यच होतं. पण एका गाण्यासाठी एवढा उपद्व्याप कोण करील? आणि जो कष्टाने करील त्याच्या नऊ रुपयांतून पैसे पोचवण्याचा खर्च गेला, कंपनीचा वाटा गेला, की दुकानदाराच्या हातात राहणार काय? फ्लाइट ज्यांनी चालवलं ते समीर निगम पुढे २०१५मध्ये फोनपे काढणाऱ्यांतले एक झाले, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. जो काटा पायात रुतला, तोच काढायला तो माणूस गेला.

आता तो काटा निघालाय. २०१६मध्ये यूपीआय आलं, आणि आज आमच्या कोपऱ्यावरची भाजीवालीसुद्धा दहा रुपये मोबाइलवर घेते. म्हणजे फ्लाइटला जे मिळालं नाही ते तुला आयतं मिळालंय. पण त्याच २०१६च्या सप्टेंबरमध्ये जिओ आलं, डेटा मातीमोल झाला, आणि गाणं विकत घेऊन साठवण्याची सवयच गेली. आता माणसं गाणं घेत नाहीत, लावतात. गाना होतंच, सावन होतंच, २०१९मध्ये स्पॉटिफाय आलं, आणि यूट्यूब तर प्रत्येकाच्या खिशात आहे. तेव्हा तुझा मुख्य प्रतिस्पर्धी आता चोर नाही गं. रीतसर, कायदेशीर, फुकट किंवा जवळजवळ फुकट मिळणारं गाणं हा तुझा प्रतिस्पर्धी आहे. फोनवर तू फक्त चोरांबद्दल बोलत होतीस, तेव्हाच मला हे सांगायचं होतं.

आणि या मोठ्यांशी लाख गाण्यांची बरोबरी करायला जाऊ नकोस. त्यांचं त्यांनाही झेपत नाही. रेसो नावाचं गाण्यांचं ॲप जानेवारी २०२४मध्ये भारतातून गेलं, त्याच वर्षी एअरटेलचं विंकही बंद झालं. गानाने २०२२मध्ये फुकट ऐकवणं सोडून फक्त वर्गणीवर यायचं ठरवलं. इतका पैसा ओतून ज्यांना हे जड गेलं, तिथे तुझी प्रॉव्हिडंट फंडाची पुंजी किती दिवस पुरेल? ती पुंजी म्हणजे तुझी अकरा वर्षांची मेहनत आहे. ती संपायला एक पावसाळाही लागणार नाही, हे मी प्रेमापोटी बोलतेय.

ॲपलने कसं केलं मग, असं तू विचारशील. तू त्यांचं उदाहरण दिलंसच. २००३च्या २८ एप्रिलला त्यांनी अमेरिकेत दुकान उघडलं तेव्हा दोन लाख गाणी होती, दर ९९ सेंट, आणि पहिल्या आठवड्यात दहा लाख गाणी विकली गेली. फुकट गाणी मिळवून देणारं नॅपस्टर बंद पडून दोन वर्षं होत आली होती, तरी फुकटाचा सुळसुळाट होताच. पण फुकट गाणं उतरवावं तर ते अर्धंच निघायचं, नाव एकाचं आणि आवाज दुसऱ्याचा, वर कॉम्प्युटरला व्हायरस. ॲपलने सांगितलं की इथे बरोबर गाणं मिळेल, पूर्ण मिळेल, एका टिचकीत मिळेल. गिऱ्हाईक त्याचे पैसे देत होतं. पण त्यांच्या हातात आयपॉड होता, हे विसरू नकोस. गाण्यातून फार सुटलं नाही तरी आयपॉडमधून सुटत होतं. तुझ्याकडे आयपॉड नाही. त्यांचं ‘बरोबर आणि पूर्ण’ तेवढं घे, बाकीचं त्यांनाच ठेवू दे.

कुलपाचा विचारही करू नकोस. गाण्याला कुलूप लावलं की चोराचं काहीच बिघडत नाही, तो मुळात कुलूप नसलेलंच घेतो. त्रास होतो तो पैसे देणाऱ्या सरळ माणसाला. मायक्रोसॉफ्टने २००८मध्ये एमएसएन म्युझिकच्या गिऱ्हाइकांना कळवलं होतं की ऑगस्टनंतर त्यांनी विकत घेतलेली गाणी नव्या कॉम्प्युटरवर उघडायला परवानगी मिळणार नाही. ओरड झाल्यावर मुदत वाढवली, पण विश्वास जायचा तो गेलाच. पैसे मोजून घेतलेलं गाणं घरात राहिलं पाहिजे. दुकान बंद पडलं तरी राहिलं पाहिजे. आज ॲप बंद पडली की लोकांच्या वर्षानुवर्षं जमवलेल्या याद्या हवेत जातात. तुझ्याकडून घेतलेलं गाणं जाणार नाही, हे तुझ्या दारावर मोठ्या अक्षरांत लिही.

आता विकायचं काय? मला विचारशील तर भरून देणं विक. हसू नकोस, मी मनापासून सांगतेय. ज्या एचएमव्हीच्या कॅसेट आम्ही गावोगावचे दुकानदार भरून द्यायचो, त्याच कंपनीने पुढे सारेगामा नावाने २०१७मध्ये कारवां काढलं. ५००० गाणी आधीच भरलेला रेडिओसारखा डबा, किंमत ५,९९० रुपये. तीच गाणी यूट्यूबवर फुकट ऐकायला मिळत असताना लोकांनी तो डबा घेतला. मुलांनी आईवडिलांसाठी घेतला. मराठी गाण्यांचाही कारवां निघाला, आपल्या मामींकडे आहे बघ, देवघराशेजारी. त्यांना शोधायचं नव्हतं, टाइप करायचं नव्हतं. कुणीतरी आपुलकीने निवडून भरलेलं हवं होतं.

तेव्हा सुटं गाणं पाच रुपयांना विकू नकोस. संच विक. मंगळागौरीच्या खेळांची गाणी क्रमाने, काकड आरतीपासून शेजारतीपर्यंतचा दिवस, एका नाटकाची सगळी पदं. प्रत्येक संचाबरोबर शब्द, गीतकार, संगीतकार, राग आणि गाण्यामागची गोष्ट असलेली पुस्तिका दे. मराठी माणसाला गाणं लागलं की पहिला प्रश्न पडतो, गीत कुणाचं, संगीत कुणाचं? आकाशवाणीने आपल्याला ही सवय लावली. मोठ्या ॲपवर गायकाचं नाव दिसतं, गीतकार शोधत बसावं लागतं. अलका विभास यांच्या ‘आठवणीतली गाणी’ या संकेतस्थळावर लोक किती प्रेमाने जातात ते तुला माहीत आहे. तिथे शब्द मिळतात, कवी मिळतो, संगीतकार मिळतो. अशी माहिती जिवापाड जपणारा श्रोता आहे, आणि तो पैसे द्यायला तयार असतो. अमेरिकेतल्या, दुबईतल्या, इंदूर-बडोद्याच्या मंडळांना आरत्यांचे शब्द नीट छापलेले आणि चाली शुद्ध असलेला संच मिळाला तर शंभर-दीडशे रुपये ही त्यांना किंमतच वाटणार नाही.

मात्र विकण्याआधी हक्क. इथे थोडं थांबते, कारण तू फोनवर “जुनी गाणी तर सगळ्यांचीच” म्हणालीस आणि मला बुवांचा चेहरा आठवला. जुनं म्हणजे सगळ्यांचं, असं नसतं गं. एका गाण्यात तीन मालक असतात. शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा. आपल्या कायद्यात मुद्रण प्रसिद्ध झालं त्याच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं मोजतात. शब्द आणि चाल यांची साठ वर्षं मात्र कवी आणि संगीतकार यांच्या मृत्यूनंतर सुरू होतात.

उदाहरण घे. खाडिलकरांचं ‘स्वयंवर’ १९१६चं. खाडिलकर १९४८ साली गेले, पदांना चाली देणारे भास्करबुवा बखले १९२२ साली. दोघांची मुदत केव्हाच संपली. ‘मानापमान’च्या चाली गोविंदराव टेंबे यांच्या, ते १९५५ला गेले, म्हणजे २०१५अखेर तीही संपली. बालगंधर्वांच्या त्या काळच्या तबकड्यांची मुदतही संपलेली आहे. म्हणजे तिथे तू मोकळेपणाने काम करू शकतेस. याउलट गीतरामायण घे. १९५५ला पुणे आकाशवाणीवर सुरू झालेलं, सत्तर वर्षांचं जुनं. पण गदिमा १९७७ला गेले, त्यांच्या शब्दांवर २०३७अखेरपर्यंत हक्क आहे. बाबूजी म्हणजे सुधीर फडके २००२ला गेले, त्यांच्या चालींवर २०६२पर्यंत. कुणाचीही परवानगी न घेता ते विकलंस तर तू आणि तो मेमरी कार्डवाला पोरगा यांत फरक काय राहिला? आणि २०१२च्या दुरुस्तीने कायद्यात आणखी एक गोष्ट पक्की केली. सिनेमाच्या गाण्याचे हक्क कवीने कंपनीला दिले तरी सिनेमागृहाबाहेर ते जिथे जिथे वापरलं जाईल तिथल्या मानधनातला कवी-संगीतकारांचा वाटा त्यांच्याकडून लिहून घेता येत नाही. जावेद अख्तरांनी त्यासाठी राज्यसभेत किती जीव ओतला होता. हे सगळं समजून घे, चांगला वकील गाठ, त्याची फी वाचवू नकोस.

माझं मत विचारशील तर तुझी सुरुवात नाट्यसंगीताच्या तबकड्यांपासून व्हावी. मोठ्यांकडे त्या आहेत, पण कशाही पडलेल्या आहेत. जुन्या तबकड्या नावाला ७८ वेगाच्या, पण सगळ्या नेमक्या त्याच वेगाने भरलेल्या नसत. वेग चुकला की सूर चढतो किंवा उतरतो. काळी चारचा गायक काळी पाचला जातो आणि ऐकणाऱ्याला वाटतं आवाजच पातळ होता. वेग सुधारून, खरखर आवरून, पण आवाजाचा जीव न घालवता ते पद लोकांपुढे ठेवणं हे काम मोठी कंपनी करणार नाही, कारण तिला त्यात वेळ घालवणं परवडत नाही. चोरही करणार नाही. मुंबईत १९९०पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही तबकड्या जमवणाऱ्यांची संस्था आहे. अशा माणसांकडे जा. चार तास बसून ऐक. त्यांनी आयुष्य घालवलंय यात. त्यांचा संग्रह वापरलास तर त्यांचं नाव आणि त्यांचा वाटा दोन्ही दे.

हो, तुझं साफ केलेलं पद दुसऱ्या दिवशी कुणीतरी उचलून चढवेल. चढवेलच. हक्क तुझ्याकडे असलेलं गाणं असेल तर साइटला लेखी तक्रार कर, कायद्याने त्यांना ते उतरवून ठेवावं लागतं. मात्र २१ दिवसांत तू न्यायालयाचा आदेश आणला नाहीस तर ते परत चढू शकतं. मुदत संपलेल्या तबकडीचं तर तेवढंही बळ नाही. म्हणून तू दिवसरात्र चोर शोधत बसू नकोस, त्यात तुझी तब्येत जाईल. त्यापेक्षा गाणं तूच पूर्ण ऐकव, फुकट, तुझ्या दारात, तुझ्या नावाने. अमेरिकेत बँडकॅम्प ही गाणी विकणारी साइट २००८पासून हेच करते. आधी ऐका, आवडलं तर घ्या, वाटलं तर जास्तही द्या. त्यांनी २०१२मध्ये लिहून ठेवलंय की चोरीची प्रत शोधत इंटरनेटवर फिरणारी माणसं त्यांच्या दारात येऊन पोचतात आणि चक्क विकत घेतात. मला त्यात काही नवल वाटलं नाही. यादी घेऊन आलेली ती माझी गिऱ्हाइकं काही चोर नव्हती. त्यांना गाणं हवं होतं, आणि मी त्यांच्यापुढे तो एकच रस्ता ठेवला होता.

बँडकॅम्पची दुसरी गोष्ट माझ्या मनात घर करून आहे. ते गाण्याच्या विक्रीतले १५ टक्के ठेवतात, बाकी कलाकाराचं, पैसे पोचवण्याचा खर्च वजा करून. आणि हे ते लपवत नाहीत. २०२०च्या मार्चमध्ये कोविडने कार्यक्रम बंद पडले तेव्हा एका शुक्रवारी त्यांनी स्वतःचा वाटाच सोडला, लोकांनी त्या दिवशी भरभरून खरेदी केली, आणि मग असे शुक्रवार ते पुन्हा पुन्हा पाळू लागले. पुढे २०२२ आणि २०२३मध्ये ती कंपनी दोनदा विकली गेली, निम्मी माणसं कामावरून गेली, त्याचं मला वाईट वाटतं. तुझं दुकान तुझ्याच हातात राहील इतकंच मोठं कर, असं मी म्हणते ते त्यामुळेच.

तर माझं सांगणं असं. प्रत्येक विक्रीची पावती दे, आणि पावतीवर लिही की या दीडशे रुपयांतले इतके गायकाला, इतके कवीच्या वारसांना, इतके तबकडी देणाऱ्याला, इतके दुकानाला. पैसे त्याच दिवशी यूपीआयने पाठव. मोठी ॲप ही पावती देत नाही. चोर देऊच शकत नाही. बुवांनी मला विचारलं होतं त्याचं उत्तर त्या पावतीत आहे, आणि तीच तुझी खरी जिन्नस आहे, गाणं तर आता हवेत सगळीकडेच आहे. मोबाइल ॲपमधून विकायला जाऊ नकोस, ॲपलवाले आणि गूगलवाले १५ ते ३० टक्के कापतात. साध्या वेबसाइटवर विक, क्यूआर कोड लाव. नोकरी लगेच सोडू नकोस. पहिलं वर्ष शनिवार-रविवार काम कर, दोनशे गाण्यांवर थांब, आणि किती लोक दुसऱ्यांदा येतात ते मोज. पहिल्यांदा नातेवाईक घेतातच.

आता शेवटचं. बुवांनी त्या दिवशी कॅसेट मोजल्या त्या चाळीस भरल्या. एक कमी होती, पण त्यांनी विचारलं नाही. एकेचाळिसावी आमच्या डेकमध्येच राहिली होती, आम्ही जिच्यावरून भरून द्यायचो ती. परत द्यायची म्हणून ठेवली आणि द्यायची राहून गेली. ती आजही माझ्या कपाटात आहे, अधूनमधून फिरवून ठेवते, फीत अजून चांगली आहे. शब्द तुकोबांचे, चाल बुवांची, कॅसेटही त्यांनीच पदरच्या पैशाने काढलेली. बुवा गेले, पण मुलगा गावातच असतो आणि दोन मुली वाईला दिल्यात. फक्त त्या तिघांच्या सह्या लागतील. दिवाळीच्या सुट्टीत ये, आपण दोघी जाऊन त्यांना भेटू. तुझ्या दुकानातला पहिला संच तो असू दे.